३१ तारखेचं दूध : संगणक अभियांत्रिकीच्या एका गटाला संवाद शिकवताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात, तालुक्याच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर आमचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मी तिथे संगणक विभागात शिकवते. कॉलेजचं, गावाचं आणि ज्या दूध संस्थेत हे घडलं तिचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मुलांचीही नावं नाहीत. त्यांनी एकमेकांना लावलेली लेबलंच वापरते. शेवटच्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्ट-गटात ही चार माणसं सापडतात: लीडर, फ्रंटएंडवाला (वापरणाऱ्याला दिसणारे पडदे करणारा), बॅकएंडवाली (आतली डेटाबेसची बाजू सांभाळणारी) आणि "मी डॉक्युमेंटेशन बघतो" म्हणणारा चौथा.

'कम्युनिकेशन स्किल्स' आमच्याकडे शिकवत नाहीत, असं कोणी म्हणू शकणार नाही. पहिल्या वर्षी त्या नावाचा विषय असतो, त्याची जर्नल असते आणि जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली पत्रं असतात. तिसऱ्या वर्षी प्लेसमेंटच्या तोंडावर बाहेरून ट्रेनर येतो. पाच दिवस सेमिनार हॉलमध्ये हस्तांदोलन, टायची गाठ, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' आणि ग्रुप डिस्कशनमध्ये पहिलं वाक्य आपण कसं पटकवायचं. मुलांना मजा येते. फोटो निघतात, फाइलला लागतात.

फाइल महत्त्वाची, कारण मानांकन. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला आणि नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची बारा 'प्रोग्रॅम आउटकम', म्हणजे पदवी घेताना मुलांना काय काय यायला हवं ते, आम्हा मास्तर लोकांना पाठ झाली. त्यातलं दहावं तेव्हा संवादाचं होतं. अहवाल लिहिता यावा, सादरीकरण करता यावं हे त्यात होतंच. पण शेपटाला आणखी एक तुकडा होता: स्पष्ट सूचना देता याव्यात आणि घेता याव्यात. ते 'घेता याव्यात' मी कित्येक वर्षं टाइप करत होते, वाचत नव्हते.

गटाचा प्रोजेक्ट साधा होता. डॉक्युमेंटेशनवाल्याचे मामा एका गावच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळावर. त्या संस्थेचा हिशोब वहीवरून संगणकावर आणायचा. दोनशेच्या आसपास सभासद. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर मोजतात, नमुना मशीनला लावला की फॅट आणि एसएनएफ कळतं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बांधलेला असतो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ धरून. त्याच्या वर-खाली गेलं की दरपत्रकात बघायचं. मग दहा दिवसांचं बिल. त्यातून पेंडीचे पैसे, उचल असं काय काय कापून उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर.

संस्थेचे सचिव साठीचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मुलंही म्हणायला लागली.

अडचण

जुलैत विषय ठरला. ऑगस्टमध्ये मुलं एकदा संस्थेत जाऊन आली. डिसेंबरपर्यंत दोन रिव्ह्यू झाले. लीडर शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेला, उभा राहिला की ऐकत राहावं असा बोलणारा. दोन्ही रिव्ह्यूत 'प्रेझेंटेशन' या रकान्यात आम्ही तिघा परीक्षकांनी या गटाला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. मीही त्यात होते, हे आधीच सांगून टाकते.

जानेवारीत संस्थेत चाचणी सुरू झाली. आबांनी अट घातली की वही बंद होणार नाही. नोंदी दोन्हीकडे होतील, बिलं ताडून बघू. या एका अटीमुळे पुढे कोणाचा एक रुपया बुडाला नाही.

पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेसहाला पडद्यावर लाल पट्टी आली: 'एरर १०६२, डुप्लिकेट एन्ट्री'. दारात कॅन घेऊन माणसं उभी. एका सभासदाचं गाईचं दूध नोंदवून झाल्यावर त्याचंच म्हशीचं दूध नोंदवायला गेले, तर डेटाबेस म्हणाला, हा माणूस आज सकाळी येऊन गेलाय. आबांनी लीडरला फोन केला. लीडरनं रात्री बसून तोड काढली: ज्याच्याकडे दोन्ही जनावरं, त्याला म्हशीसाठी वेगळा सभासद क्रमांक. १४२ आणि १४२-ब. चाललं. मला कोणी सांगितलं नाही.

१ ते १० चं बिल वहीशी जुळलं. ११ ते २० चं जुळलं. मुलांनी ग्रुपवर नाचणारे इमोजी टाकले. १ फेब्रुवारीला संध्याकाळी आबांचा मला फोन.

"मॅडम, पोरांनी ३१ तारखेचं दूध ओतून दिलं."

"कुणाचं, आबा?"

"सगळ्या गावाचं."

सॉफ्टवेअरनं दहा दिवस मोजले होते. २१ ते ३०. एकतिसावा दिवस त्यानं पुढच्या बिलात ढकलला. प्रत्येक सभासदाचं बिल एका दिवसानं कमी. दुसऱ्या दिवशी मुलं माझ्या टेबलापाशी आली ती उत्तर घेऊनच: "मॅडम, दोन ओळींचा फिक्स आहे." खरंच दोन ओळींचा होता.

मी म्हटलं, ऑगस्टच्या भेटीत काय लिहून घेतलंत ते दाखवा. लीडरच्या फोनमध्ये तीन ओळी निघाल्या, इंग्रजीत: 'टेन डेज बिल. फॅट-एसएनएफ रेट चार्ट. काऊ-बफेलो सेपरेट.' चाळीस मिनिटांच्या भेटीतून एवढंच.

आता आबा काय म्हणाले असतील ते बघा. दूधवाल्यांच्या तोंडी 'दहा दिवसांचं बिल' म्हणजे महिन्याची तीन बिलं. तिसरं बिल २१ पासून महिनाअखेरपर्यंत. जानेवारीत ते अकरा दिवसांचं होतं, फेब्रुवारीत आठ-नऊ दिवसांचं, पण 'अकरा दिवसांचं बिल' असं कोणी म्हणत नाही. आपला पंधरवडा तरी कुठे दर वेळी पंधरा दिवसांचा असतो? आबांनी बोलीत सांगितलं, लीडरनं ऐकता ऐकताच त्याचं इंग्रजी केलं आणि त्या भाषांतरात महिना गळून पडला. 'टेन डेज' हा एक आकडा झाला, आणि आकडा कोडमध्ये टाकायला सोपा. तीच गत गाय-म्हशीची. "सभासदाचं गाय-म्हैस वेगळं धरायचं" याचा अर्थ आबांच्या मनात 'एकाच माणसाचं दोन प्रकारचं दूध वेगळं नोंदवायचं' असा. मुलांनी डेटाबेसमध्ये केलेल्या टेबलात 'सभासद एकतर गाईवाला नाहीतर म्हशीवाला' असा.

इथवर हे प्रकरण 'ग्राहकाचं नीट ऐकलं नाही' एवढंच होतं. मी चौघांना विचारलं, दहा दिवसांचा अर्थ तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता का? बॅकएंडवाली बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी दोन म्हशी आहेत. आमचं बिल पण महिनाअखेरीलाच निघतं."

म्हणजे माहिती गटातच होती. टेबल तिनंच बनवली होती, तिच्या हातानं. मग बोलली का नाही? "मला वाटलं या संस्थेत वेगळं असेल. आणि लीडरनं स्पेसिफिकेशन फायनल केलं होतं." स्पेसिफिकेशन म्हणजे सॉफ्टवेअरनं काय काय करायचं ते लिहिलेला कागद. मी गटाच्या मीटिंग कशा होतात ते विचारलं. कँटीनमध्ये, पंधरा मिनिटं, लीडर सांगतो, बाकीचे हो म्हणतात. तो वाईट मुलगा नाही. बोलायला दुसरं कोणी पुढे येत नाही म्हणून तो बोलतो, आणि तो बोलतो म्हणून दुसरं कोणी पुढे येत नाही.

आम्ही ज्याला संवादाचे सर्वाधिक गुण दिले होते तो गट आपसातही बोलत नव्हता आणि ग्राहकाशीही. माझ्या दृष्टीनं प्रकरण इथून सुरू झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मुलांचा: दोन ओळी बदला, पुढे चला. मे महिन्यात बाहेरचा परीक्षक येईल, त्याला ३१ तारीख कुठून कळणार? हा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही. ब्लॅकबुक (प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल), आठव्या सत्राची सबमिशन, उरलेले कॅम्पस ड्राइव्ह, सगळं डोक्यावर होतं.

दुसरा विभागप्रमुखांचा. सर म्हणाले, ट्रेनरला आणखी एकदा बोलवू, यंदाचं बजेट शिल्लक आहे. माझा विरोध ट्रेनरला नव्हता. पण ट्रेनर शिकवणार कसं बोलायचं ते. आमच्या मुलांचं अडलं होतं कोणाला काय विचारायचं आणि ऐकलेलं कसं पडताळायचं यापाशी. शिवाय त्या पाच दिवसांत सगळ्यात जास्त चमकला असता तो लीडरच.

तिसरा, इंग्रजीच्या मॅडमकडून जादा तास. त्या तयार होत्या. त्यांनीच मला प्रामाणिकपणे सांगितलं, "मी त्यांचं वाक्य सुधारीन, पण फॅट-एसएनएफचं वाक्य खरं आहे का खोटं, हे मला कसं कळणार?" त्यांच्या या वाक्यानं माझा निर्णय बराचसा झाला.

चौथा पर्याय: प्रोजेक्टच्याच तासात, प्रोजेक्टच्याच मजकुरावर, गाइडनं म्हणजे मी हे शिकवायचं. माझ्याकडे चार गट, सोळा मुलं. गुरुवारचे दोन तास, सहा आठवडे. मला संवाद शिकवण्याचं कोणतंही प्रशिक्षण नव्हतं, आजही नाही. सरांनी विचारलं, याला गुण कुठल्या हेडखाली देणार? मी म्हटलं, टर्मवर्कमध्ये बसवते. "आणि कुठल्या भाषेत?" म्हटलं, आधी मराठीत. सर थोडे थबकले. एआयसीटीईनं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं) २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, त्याचं परिपत्रक विभागात आलेलंच होतं. मी त्याचा आधार घेतला. खरं तर आमचा अभ्यासक्रम इंग्रजीच, त्या परिपत्रकाचा इथे संबंध नव्हता. पण सरांनी मान डोलावली, मी पुढचं बोलले नाही.

काय केलं

पहिल्या गुरुवारी मी एक मोठी चूक केली. मराठीत म्हणजे शुद्ध मराठीत असं माझ्या डोक्यात बसलेलं. फळ्यावर 'डेटासेट'साठी 'विदासंच' लिहिलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, विधानसभा?" वर्ग हसला, मीही हसले आणि शब्द पुसला. डेटाला डेटाच म्हणायचं, टेबलला टेबल. फक्त वाक्य आपलं असलं पाहिजे, एवढा नियम ठरला.

दुसऱ्या आठवड्यात दूधवाला गट पुन्हा संस्थेत गेला, मीही गेले. लॅपटॉप न्यायचा नाही, प्रत्येकानं वही न्यायची. सकाळी सहाची वेळ. आबा एका हातानं मापं बघत होते, दुसऱ्या हातानं नोंदी. मुलांना सांगितलं होतं की 'बिल कसं काढता?' असा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याला माणूस नियम सांगतो आणि नियम सांगताना रोजच्या सवयीचं सगळं गाळतो. त्याऐवजी झालेली गोष्ट समोर ठेवून विचारायचं: "आबा, मागच्या फेब्रुवारीचं तिसरं बिल दाखवा ना." "हा माणूस मध्येच चार दिवस आला नाही, मग काय केलंत?" बॅकएंडवालीनं विचारलं, "एखाद्या दिवशी मशीन बंद पडलं तर फॅट काय धरता?" आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यात जनावरं आहेत काय गं?" त्या प्रश्नाचं उत्तर आठ महिन्यांत कोणाच्या डिझाइनमध्ये नव्हतं: आदल्या तीन वेळांची सरासरी.

मग परत सांगणं. प्रत्येकानं आपल्याला काय कळलं ते आबांना सांगायचं, आबांनी "हां" म्हणेपर्यंत. लीडरची पाळी आली तेव्हा तो तिसऱ्या वाक्याला अडला. इंग्रजीत सलग बोलणारा मुलगा, पण 'डिडक्शनचा सिक्वेन्स' आबांना कळेल असा सांगता येईना. आबा म्हणाले, "बाळा, कापायचं आधी काय आणि मागनं काय, एवढंच इचारतोयस का?" "हो आबा." "मग तसं इचार की." मला वाटलं तो नाराज होईल. तो खाली बसून लिहायला लागला.

परत आल्यावर चौघांनी मिळून एक पान मराठीत लिहिलं: संस्थेत काय चालतं आणि सॉफ्टवेअर काय करील. व्याख्या कमी, उदाहरणं जास्त. '३१ जानेवारीचं दूध जानेवारीच्या तिसऱ्या बिलात येईल.' 'सभासद १४२ नं सकाळी गाईचं आणि म्हशीचं दूध घातलं तर दोन नोंदी होतील, सभासद क्रमांक एकच राहील.' ते पान आबांनी चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या, दुरुस्तीनंतर सही केली आणि संस्थेचा शिक्काही मारला. शिक्का आम्ही मागितला नव्हता. त्या पानावरून मग इंग्रजी स्पेसिफिकेशन लिहिलं. आधी मराठी, मग सही, मग इंग्रजी: हा क्रम या सहा आठवड्यांत सगळ्यात उपयोगी पडला असं माझं मत आहे.

तिसरा आठवडा एरर मेसेजचा. इथे मी थेराक-२५ ची गोष्ट सांगितली. कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर मात्रा गेली, काही दगावले. मूळ दोष कोडमध्ये होता, आणि जुन्या यंत्रांत असलेले सुरक्षेचे यांत्रिक अडसर काढून टाकले होते. पण १९८६ मध्ये टेक्ससमध्ये ऑपरेटरला पडद्यावर दिसलं ते एवढंच: 'मालफंक्शन ५४'. यंत्र असले मेसेज वरचेवर दाखवायचं, म्हणून पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं गेलं. वर्ग शांत झाला. मग मी १०६२ ची लाल पट्टी प्रोजेक्टरवर लावली आणि म्हटलं, सकाळचे साडेसहा वाजलेत, दारात तीस माणसं आहेत, तुम्ही आबा आहात. फ्रंटएंडवाल्यानं सहा वेळा लिहून शेवटी हे आणलं: 'या सभासदाचं आज सकाळचं म्हशीचं दूध आधीच नोंदलं आहे: ४.५ लिटर. हे नवीन दूध त्यात मिळवायचं, का आधीची नोंद दुरुस्त करायची?' खाली दोन बटणं. हे लिहिताना त्याला पहिल्यांदा कळलं की 'मिळवायचं' हा पर्याय कोडमध्ये नाहीच. एक मेसेज नीट लिहायला गेल्यावर एक फंक्शन वाढलं.

चौथा आठवडा कमिट मेसेजचा, म्हणजे कोडमधला बदल साठवताना सोबत लिहायच्या ओळीचा. गिट हे कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन; चारही गटांचा त्यातला इतिहास काढला. 'फायनल', 'फायनल २', 'चेंजेस', 'आता चालतंय', आणि एके ठिकाणी रात्री पावणेतीनची नुसती 'एएसडीएफ', कीबोर्डवरची शेजारशेजारची चार अक्षरं. जाणकारांचा रिवाज पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास ठेवण्याचा आहे. मी वर एकच जोडलं: काय बदललं ते कोड सांगतोच, का बदललं ते तुम्ही सांगा. यावर फार वेळ गेला नाही. मुलांना ते लगेच पटलं आणि निम्म्यांनी आठवड्याभरात सोडूनही दिलं.

पाचव्या आठवड्यात गटांची अदलाबदल. एका गटानं दुसऱ्याचं सॉफ्टवेअर फक्त रीडमी (सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते सांगणारं पान) वाचून चालवून दाखवायचं; लिहिणाऱ्यांनी शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. चारांपैकी तीन गटांचं चाललं नाही. दोघांनी डेटाबेस तयार करायची स्क्रिप्टच दिली नव्हती, तिसऱ्याच्या पासवर्डमध्ये त्यांच्या लॅपटॉपचं नाव होतं. तोंड न उघडण्याची शिक्षा मुलांना भयंकर झाली. एक जण खुर्चीवर अक्षरशः वळवळत होता.

आणि सगळे आठवडे मीटिंगचा एक नियम: आधी पाच मिनिटं प्रत्येकानं आपापलं कागदावर लिहायचं, मग वाचायचं, लीडरनं सगळ्यात शेवटी. लीडरला हे सुरुवातीला बोचलं. तिसऱ्या मीटिंगनंतर तो मला येऊन म्हणाला, "मॅडम, शेवटी बोलायचं असलं की ऐकावं लागतं." एवढंच म्हणून गेला.

काय झालं

मार्चही ३१ दिवसांचा. २६ तारखेला दूध संघाचं पत्र आलं, दर बदलला. आबांनी पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. चार मिनिटांत बॅकएंडवालीचा प्रश्न: "आबा, सकाळपासून का संध्याकाळपासून?" संध्याकाळपासून होता. सॉफ्टवेअरला दरबदलाची तारीख कळत होती, वेळ कळत नव्हती. २६ ची सकाळ नव्या दरानं धरली गेली असती. बिल निघायच्या आधी दुरुस्ती झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मार्चचं तिसरं बिल वहीशी ताडलं, फरक शून्य. १४२-ब वगैरे जोड क्रमांक तोवर काढून टाकले होते.

मेच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "यात मशीन लर्निंग कुठे आहे?" नव्हतं. ते ब्लॅकबुक चाळत आबांच्या शिक्क्याच्या पानावर थांबले, हे काय म्हणून विचारलं. डॉक्युमेंटेशनवाल्यानं सांगितलं, त्यांनी "बरं" म्हटलं आणि पान उलटलं. गटाला गुण चांगले पडले, फार चांगले नाही.

आता न जमलेल्या गोष्टी.

माझ्या सोळा मुलांत एक जण परराज्यातला होता. त्याला मराठी कामापुरती कळायची, लिहिता येत नव्हती. पहिले तीन गुरुवार तो नुसता बसून राहिला. माझ्या लक्षात चौथ्या आठवड्यात आलं, तेही त्याच्या मित्रानं सांगितल्यावर. ज्या मुलांना इंग्रजीच्या तासाला गप्प बसावं लागतं त्यांच्यासाठी मी मराठी आणली आणि एकाला मराठीच्या तासाला गप्प बसवलं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. एप्रिलमध्ये एक कंपनी कॅम्पसला आली. लीडर निवडला गेला. बॅकएंडवाली तांत्रिक चाचणीत पहिल्या दहात होती, ग्रुप डिस्कशनमध्ये बाहेर पडली. दहा जण गोलात, विषय इंग्रजीत, बारा मिनिटं, तिला दोन वाक्यं मिळाली. आबांना नेमका प्रश्न विचारणारी मुलगी तीच. ती मला म्हणाली, "मॅडम, तिथे कोणी आधी लिहू देत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'संवाद म्हणजे इंग्रजी नव्हे' हे वाक्य मी त्या सहा आठवड्यांत फार वेळा म्हटलं होतं, थोडं मिरवून. खरं असलं तरी भरती करणाऱ्याच्या दारात ते चालत नाही, आणि त्या दारात मला नाही, तिला उभं राहायचं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली भेट. ऑगस्टमध्ये मी गटासोबत गेले नाही, कारण 'मुलांनी स्वतः करावं' असं मला वाटत होतं. स्वतः करू द्यायला हरकत नाही, पण भेटीनंतरच्या नोंदी त्याच दिवशी बघायला हव्या होत्या. तीन ओळी बघून त्यांना उलट पावली परत पाठवलं असतं, तर पाच महिने वाचले असते. यंदा नियम आहे: सही असलेलं पान आल्याशिवाय पहिला रिव्ह्यू होणार नाही.

गुणपत्रक. गुरुवारच्या तासांसाठी मी सुरुवातीला बारा रकान्यांचं मूल्यमापनपत्रक केलं होतं, दुसऱ्या आठवड्यात ते ड्रॉवरमध्ये गेलं. सोळा मुलं, बारा रकाने, सहा आठवडे, भरणार कोण? आता दोनच गोष्टी बघते. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला न विचारता काम करता आलं का, आणि मुलानं या आठवड्यात असा एक तरी प्रश्न विचारला का, ज्याच्या उत्तरानं डिझाइन बदललं. रिव्ह्यूतला 'प्रेझेंटेशन' रकाना काढता येत नाही, तो विद्यापीठाचा आहे. पण तिथे आम्ही आता सादर करणाऱ्याची चिठ्ठी काढतो. लीडरच उभा राहील असं नाही.

भाषा. मराठी की इंग्रजी असा प्रश्न मी घातला तोच चुकला. ज्याच्याशी बोलायचं त्याची भाषा, असा घालायला हवा होता. आबांसाठी मराठी, परीक्षकासाठी इंग्रजी, परराज्यातल्या मित्रासाठी जे दोघांना जमेल ते. यंदा प्रत्येक गुरुवारी शेवटची वीस मिनिटं इंग्रजी गोल असतो: विषय आपल्याच प्रोजेक्टमधला, आधी लिहायला मिळत नाही, आणि मध्ये घुसून बोलायचा सराव मुद्दाम करायचा. मध्ये घुसणं मला स्वतःला आवडत नाही. इंग्रजीच्या मॅडम तो तास घेतात, मी मागे बसते.

मला अजून न सुटलेलं एक आहे. चार गटांना सहा आठवडे मी दिले, विभागात असे सोळा गट आहेत. बाकीच्या गाइडना हे सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दूध संस्था मिळाली. माझ्या पोरांचा प्रोजेक्ट चेहरा ओळखायचा आहे, त्यांनी सही कोणाची आणायची?" त्यांचं खरं आहे. ज्या प्रोजेक्टला दारात उभा राहून भांडणारा माणूसच नाही, तिथे ऐकायचं कोणाचं? सध्या आम्ही कॉलेजच्या ग्रंथपालांना आणि हॉस्टेलच्या रेक्टरना ग्राहक केलंय. ग्रंथपाल कामात रमल्या आहेत. रेक्टर प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणतात, आणि त्यांचा गट अडकून पडलाय.

संस्थेत वही अजून चालू आहे. आबा बिलं सॉफ्टवेअरवर काढतात आणि रात्री वहीशी ताडतात. गट पास होऊन गेला. मागे काही बिघडलं तर बघायला टेबलाच्या काचेखाली मराठी रीडमीचं पान ठेवलंय. त्यात सातव्या पायरीवर 'सर्व्हर रिस्टार्ट करा' असं होतं. ते खोडून आबांनी पेनानं लिहिलंय: 'मागचं लाल बटण बंद करून परत चालू करा.'